लाँगयिअरब्येनचं पॅकेज: पत्रकावरचं अस्वल आणि चालून बघण्याजोगं गाव

उत्तर युरोपच्या सहलींची जी पत्रकं सध्या ठाण्यात वाटली जाताहेत, त्यांत 'नॉर्वे आणि स्वालबार्ड' हे पॅकेज सगळ्यांत महाग असतं आणि त्या पानावर बर्फावर उभं असलेलं पांढरं अस्वल हमखास असतं. इथे ज्या पॅकेजबद्दल लिहिलंय ते ठाण्यातल्याच एका टूर कंपनीचं, आठ रात्रींचं: ओस्लो २, ट्रॉम्सो २, लाँगयिअरब्येन ३ आणि परतताना पुन्हा ओस्लो १. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नौपाड्यापासून वाशीपर्यंत बाकीच्यांचा कार्यक्रमही थोड्याफार फरकाने हाच आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: गावाला पैकीच्या पैकी, पॅकेजला काठावर पास.

लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १,३०० किलोमीटर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, झाड एकही नाही, जुलैचं सरासरी तापमान सहा-सात अंश. स्वालबार्ड या नॉर्वेच्या अखत्यारीतल्या द्वीपसमूहावरचं हे गाव कोळशासाठी वसलं, कोळशावर शंभराहून जास्त वर्षं जगलं, आणि त्याची शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली. आता गाव संशोधन आणि पर्यटनावर चालतं. म्हणजे तुम्ही जाता तेव्हा एका संपलेल्या धंद्याच्या खुणा आणि गल्लीत चरणारे रेनडिअर एकाच नजरेत दिसतात. पत्रकात यातलं काहीच नाही.

पत्रकात जे आहे त्यातलं बरंच चूक आहे. एका कोपऱ्यात पेंग्विन छापलाय. पेंग्विन दक्षिण गोलार्धातला, इथे त्याचं काही काम नाही. 'रेनडिअरच्या गाडीतून फेरफटका' लिहिलंय. स्वालबार्डचे रेनडिअर पूर्ण रानटी आहेत, त्यांना कुणी जुंपत नाही. ती गाडी ट्रॉम्सोला मिळते, तिथल्या मूळच्या सामी लोकांच्या पाळीव रेनडिअरची, आणि तीही हिवाळ्यात. 'इग्लूतले मूळ रहिवासी' हे तर कुठून आलं कळत नाही. स्वालबार्डला मूळ रहिवासी कधीच नव्हते. १५९६ मध्ये विलेम बॅरेन्ट्सच्या डच जहाजाने ही बेटं नकाशावर आणली, मग देवमाशांचे शिकारी आले, मग सापळे लावणारे, मग खाणवाले. टूर मॅनेजर 'या गावात मरायला बंदी आहे' असंही बसमध्ये रंगवून सांगतात. असा कायदा नाही. गावात वृद्धाश्रम किंवा दीर्घ शुश्रूषेची सोय नाही म्हणून म्हातारपणी लोक मुख्य भूमीवर जातात, आणि कायम गोठलेल्या जमिनीत शवपेट्या पुरत नाहीत. अस्थिकलश पुरता येतो. एवढंच.

पण पेंग्विन हा पत्रकाचा सगळ्यांत मोठा दोष नव्हे. सगळ्यांत मोठा दोष तारखांचा आहे.

आपल्याकडच्या कंपन्या सहली शाळेच्या सुट्टीला बांधतात: मे आणि दिवाळी. या गावाचं वेळापत्रक त्याच्या बरोबर उलटं आहे. मे महिन्यात तिथे बर्फ वितळायला लागलेला असतो. बर्फावरच्या गाड्यांचा हंगाम संपत आलेला आणि बोटींचा नीट सुरू झालेला नसतो. म्हणजे ना धड हिवाळा, ना धड उन्हाळा, वर पायाखाली कोळशाच्या भुकटीचा चिखल. दिवाळी उशिरा आली तर अजून कठीण: साधारण २६ ऑक्टोबरला सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही, आणि गाव डोंगरांच्या कुशीत असल्याने गावात ऊन पोचतं ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. पक्षी तर केव्हाच गेलेले असतात. ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीला भरती-ओहोटीचं कोष्टक बघून जाणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

प्राणी-पक्षी बघायचे तर १५ जून ते १० ऑगस्ट हा खरा काळ. जूनच्या सुरुवातीला रेनडिअरची पाडसं जन्मतात, सुरय पक्षी अंटार्क्टिककडून येऊन अंड्यावर बसलेले असतात, कड्यांवरच्या वसाहती भरलेल्या असतात. लिटल ऑक हे छोटे समुद्रपक्षी ऑगस्टच्या मध्याला निघून जातात. कंपनीची एक तारीख ऑगस्टअखेरची आहे आणि ती 'ऑफर'मध्ये स्वस्त मिळते. स्वस्त का, ते यावरून कळेल.

आणखी एक गोष्ट पत्रक बेमालूमपणे मिसळतं: एकाच पानावर बोटीतून अस्वल आणि डोक्यावर हिरवे उत्तर ध्रुवीय प्रकाश. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. आकाशात अंधारच नसेल तर प्रकाशाचे पट्टे दिसणार कुठे? दोन्ही हवं असेल तर दोन वेळा जावं लागतं. एका पॅकेजमध्ये दोन्हीचं आश्वासन देणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

व्हिसाबद्दल पत्रकाच्या तळटीपेत 'शेंगेन व्हिसा आवश्यक' एवढंच आहे, आणि अडचण नेमकी तिथेच होते. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या बाहेर आहे. १९२० चा स्वालबार्ड करार झाला तेव्हा त्यावर सह्या करणाऱ्यांत भारतही होता, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून, आणि त्या करारामुळे बेटावर उतरायला व्हिसा लागत नाही. पण बेटावर जायचं ओस्लो किंवा ट्रॉम्सोतून, आणि तिथून निघताना शेंगेन सोडल्याची नोंद होते. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तो तिथेच संपतो आणि परतताना ओस्लोत शिरता येत नाही. म्हणून अर्जात किमान दोन प्रवेशांचा पर्याय निवडायचा आणि जोडलेल्या कार्यक्रमात लाँगयिअरब्येनच्या तारखा ठळक दाखवायच्या. प्रौढांची फी ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनला जायचं तर मार्चपर्यंत हातावेगळा करावा, कारण एप्रिल-मेमध्ये अर्जदारांची झुंबड उडते. विमा शेंगेनच्या नियमाप्रमाणे ३०,००० युरोंचा लागतोच, पण त्यात शोध-बचाव आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का ते वाचून घ्या. गावातलं रुग्णालय लहान आहे. गंभीर काही झालं तर विमानाने ट्रॉम्सोला नेतात.

ओस्लोहून विमान सुमारे तीन तासांचं, ट्रॉम्सोहून दीडेक तासाचं. देशांतर्गत वाटलं तरी पासपोर्ट तपासणी आहे, म्हणून विमानतळावर हाताशी किमान अडीच तास हवेत. मुंबईपासूनची सगळी उड्डाणं एकाच तिकिटावर आहेत का, हे विचाराच. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं बुडालेलं तिकीट कंपनी भरून देत नाही. तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता गाव. पॅकेजमध्ये पहिल्या दिवशी दोन तासांची 'सिटी टूर' आहे: बसमधून विमानतळाची अस्वलवाली पाटी, बियाणांची तिजोरी, चर्च, संग्रहालयात अर्धा तास, मग खरेदी. यातला अर्धा तास ही शुद्ध फसवणूक. स्वालबार्ड संग्रहालय विद्यापीठ केंद्राच्या इमारतीतच आहे आणि ते नीट बघायला किमान दीड तास लागतो. बूट दाराशी काढून ठेवायचे; गावातल्या अनेक हॉटेलांतही हीच पद्धत आहे. खाणकामगार बुटांवरून कोळशाची भुकटी घरात आणत, म्हणून ही शिस्त पडली ती आजही टिकून आहे. आपल्या लोकांना याचं नवल वाटायचं कारण नाही, फक्त मोज्यांना भोक नसलेलं बरं.

संग्रहालय आधी बघा आणि मग चालत निघा, कारण गावाचा सगळा इतिहास अडीचेक किलोमीटरच्या दरीत उघड्यावर पडलेला आहे आणि तिकीट काही नाही. चर्चच्या बाजूच्या टेकाडावर खांबांवर उभी असलेली एक लोखंडी, कोळीकिड्यासारखी इमारत दिसते. ती रोपवेचं मध्यवर्ती ठाणं. वेगवेगळ्या खाणींतून बादल्यांतून येणारा कोळसा इथे एकत्र यायचा आणि इथून बंदराकडे जायचा. दरीच्या दोन्ही अंगांना जे लाकडी मनोरे दिसतात ते त्याच रोपवेचे. बस त्यांच्याजवळ थांबत नाही.

चर्चच्या वर डोंगरात पहिली खाण आहे. अमेरिकन उद्योजक जॉन मनरो लाँगयिअर १९०१ मध्ये इथे प्रवासी म्हणून आला होता. १९०६ मध्ये त्याच्या आर्क्टिक कोल कंपनीने ही खाण सुरू केली आणि वस्तीला त्याचं नाव मिळालं. १९१६ मध्ये स्टोरे नोर्स्के या नॉर्वेजियन कंपनीने सगळा पसारा विकत घेतला. ३ जानेवारी १९२० ला या खाणीत स्फोट होऊन २६ जण गेले आणि खाण बंद झाली. त्याच उताराच्या पायथ्याशी पांढऱ्या क्रुसांचं लहानसं दफनस्थान आहे. तिथे १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेले सात तरुण पुरलेले आहेत. कामासाठी बोटीने येतानाच त्यांना लागण झाली होती. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी विषाणूच्या शोधात त्यांच्या कबरी उघडल्या होत्या. दफनस्थानात शिरायचं नसतं, रस्त्यावरूनच दिसतं.

तिथून दरीच्या वरच्या टोकाला न्यूब्येनकडे चालत गेलं की पूर्वेच्या कड्यावर दुसरी खाण लटकलेली दिसते. सप्टेंबर १९४३ मध्ये टिरपिट्झ आणि शार्नहोर्स्ट या जर्मन युद्धनौकांचा ताफा फ्योर्डमध्ये (समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) शिरला आणि त्याने गावावर तोफा डागल्या. १९२१ चं चर्च जळालं (आजचं १९५८ चं आहे), आणि तोफगोळ्यांनी पेटलेली ही खाण पुढे कित्येक वर्षं आतून धुमसत राहिली. आता डिसेंबरात तिथे दिवे लावतात आणि गावातल्या पोरांना सांगतात की नाताळबाबा इथेच राहतो.

चालताना दोन गोष्टी बघाव्यात. सगळी घरं खुंटांवर उभी आहेत आणि पाण्या-गटाराचे पाइप जमिनीवरून, आवरण घालून नेलेले आहेत. जमीन कायमची गोठलेली. घराची ऊब तिला लागली तर ती पाझरते आणि घर कलतं. दुसरं म्हणजे सुकरटॉपेन डोंगराखालचे हिमरोधक कठडे. १९ डिसेंबर २०१५ ला त्या उतारावरून हिमलोट आला, अकरा घरं उचलून फेकली गेली, दोन जण गेले. त्यानंतर त्या भागाची मांडणीच बदलली.

मुलं बरोबर असतील तर एक ताकीद आधीच द्या: जमिनीवरचं काही उचलायचं नाही. १९४६ च्या आधीची माणसाची कुठलीही खूण, मग तो गंजलेला खिळा असो की पिंपाची फळी, कायद्याने संरक्षित वारसा आहे.

प्राण्यांसाठी पॅकेजमध्ये एक दिवस बोटीचा ठेवलाय. प्रत्यक्षात निम्मं दर्शन गावात फुकट होतं. स्वालबार्डचा रेनडिअर हा वेगळा उपप्रकार: आखूड पाय, गोल अंग, लहान तोंड. १९२५ मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा तो संपत आला होता. आज तो घरांच्या मधल्या गवतावर चरतो. जूनमध्ये बघाल तर आजारी वाटेल, अंगावरून केसांचे पुंजके लोंबत असतात. तो आजार नाही, हिवाळी केस गळतायत. माग काढत जवळ गेलात तर तो उठून चालू पडतो. बसून राहिलात तर चरत चरत स्वतःच जवळ येतो. खायला देऊ नका. त्याचं खरं संकट अस्वल नव्हे, हिवाळ्यातला पाऊस. बर्फावर पाऊस पडून वर काचेसारखा थर जमतो, खुराने तो फुटत नाही आणि खालचं शेवाळ-गवत मिळत नाही. असे हिवाळे आता वाढताहेत.

गावाच्या पूर्वेला अ‍ॅडव्हेंटडालेनच्या तोंडाशी कुत्र्यांचे वाडे आहेत. उन्हाळ्यात तिथे आयडर बदकं कुत्र्यांच्या नाकासमोर जमिनीवर घरटी करतात. वेडेपणा वाटतो, पण हिशोब पक्का आहे: साखळीतला कुत्रा घरट्यापर्यंत पोचत नाही आणि त्याच्या भुंकण्याने अंडी चोरणारा आर्क्टिक कोल्हा जवळ फिरकत नाही. तिथल्या तळ्याकाठी बार्नॅकल गूज जातीचे रानहंसही असतात, हिवाळ्यात ब्रिटनच्या सॉल्वे खाडीत जाणारे. सकाळी सहाला जा किंवा रात्री अकराला. ऊन असतंच, आणि रात्री बसगाड्या नसल्याने पक्षी निवांत असतात.

याच रस्त्यावर सुरय हल्ला करतात. शंभर ग्रॅमचा पक्षी, पण घरट्याजवळ गेलात तर सरळ डोक्यात चोच मारतो आणि रक्त काढतो. तो सगळ्यांत उंच बिंदूवर झेपावतो, म्हणून ट्रेकिंगची काठी डोक्याच्या वर हातभर उंच धरून चालायचं. ती फिरवायची नाही. आणि तिथे थांबून फोटो काढत बसायचं नाही, कारण आई-बाप हवेत असतात तेवढा वेळ अंडी गारठतात.

लिटल ऑक हे या गावाचं खरं वैभव, आणि पत्रकात त्याचं नावही नाही. मुठीएवढा, काळा-पांढरा, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा समुद्रपक्षी. डोंगरउतारावरच्या दगडांच्या राशीत, फटीत एकच अंडं घालतो. थवे समुद्रावरून येतात आणि उतारावर घिरट्या घालतात तेव्हा शेकडो जण एकदम खिदळल्यासारखा आवाज दरीभर येतो. खालून कोल्हा गस्त घालत असतो. उन्हाळ्यात तो तपकिरी असतो, पांढरा शोधत बसाल तर चुकेल. कोल्ह्याला हात लावायचा नाही, या बेटांवर कोल्ह्यांत रेबीज आढळतो. गावाच्या पश्चिमेकडच्या उतारांवर दुर्बीण लावली तर ऑक रस्त्यावरूनही दिसतात. ब्यॉर्नडालेनमधली मोठी वसाहत मात्र अस्वलाच्या पाटीपलीकडे आहे.

त्या पाटीचा अर्थ टूर मॅनेजरने फोटोपुरता ठेवू नये. वस्तीबाहेर अस्वलाचा धोका सगळीकडे आहे, आणि तिथे स्थानिक, सशस्त्र वाटाड्याशिवाय जाऊ नये. ठाण्याहून आलेला टूर मॅनेजर कितीही अनुभवी असला तरी तो हे काम करू शकत नाही. कंपनीच्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी 'निसर्गभ्रमंती' आहे आणि वाटाड्याचा खर्च 'ऐच्छिक' धरलाय. ऐच्छिक काही नाही. तो धरून किंमत विचारा. हा वाटाड्या मिळाला तर लाँगयिअर हिमनदीच्या तोंडाशी जा. तिथल्या दगडांत पानांचे ठसे सापडतात. जिथे आज झाड नाही तिथे कधीकाळी जंगल होतं आणि ज्या कोळशासाठी हे गाव वसलं तो त्याच जंगलांचा.

आता अस्वल. सगळे पैसे ज्याच्या नावावर घेतले जातात ते. स्वालबार्डच्या परिसरात कायम राहणारी अस्वलं तीनशेच्या आसपास धरतात, तीही मुख्यतः पूर्व आणि उत्तर किनाऱ्यांवर. १९७३ पासून त्यांना पूर्ण संरक्षण आहे. त्यांचा पाठलाग करणं, त्यांना शोधत जाणं, आमिष दाखवणं हा गुन्हा. १ जानेवारी २०२५ पासून किमान अंतराचा नियमही आहे: ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जूनमध्ये ५०० मीटर. आठ पटीच्या दुर्बिणीतून ३०० मीटरवरचं अस्वल ३८ मीटरवर असल्यासारखं दिसतं, ५०० वरचं ६२ वर. फोनच्या कॅमेऱ्यात तो पिवळसर ठिपका. हो, पिवळसर, बर्फ निळसर-पांढरा आणि अस्वल सायीच्या रंगाचं, शोधायची खूण तीच. पत्रकातला फोटो लांब पल्ल्याच्या भिंगाने, बहुधा आठ-दहा दिवसांच्या जहाजसफरीत काढलेला. एका दिवसाच्या बोटीत अस्वल दिसलं तर नशीब. 'पोलर बेअर सफारी' हे नाव त्या बोटीला देणंच गैर आहे.

ती बोट वाईट नाही, हे मात्र सांगायला हवं. इसफ्योर्डमधून ती नूरडेनशोल्ड हिमनदीपर्यंत जाते आणि वाटेत पिरामिडेन दिसतं, स्वीडिशांनी सुरू केलेलं, १९२७ मध्ये सोव्हिएतांनी विकत घेतलेलं आणि १९९८ मध्ये सोडून दिलेलं खाणगाव. पत्रकात तिथे उतरण्याचं आश्वासन आहे. २०२२ पासून अनेक नॉर्वेजियन कंपन्यांनी रशियन वसाहतींतल्या सेवा घेणं थांबवलंय, तेव्हा उतरणार की लांबून बघणार ते लेखी घ्या. कड्यांवर जाड चोचीचे गिलेमॉट, किटिवेक, थोडे पफिन दिसतात. कधी बेलुगा देवमासे किनाऱ्याला घासून जातात, पांढऱ्या पाठी ओळीने वरखाली.

बोट कुठली, हा प्रश्न किमतीपेक्षा महत्त्वाचा. बंद केबिनची मोठी बोट म्हातारे आणि मुलांसाठी ठीक. रबरी स्पीडबोट वॉलरसांच्या किनाऱ्यापर्यंत लवकर पोचते, अंगभर सूटही देतात, पण लाटेवर आपटून कंबर-मणक्याला हादरे बसतात; पाठदुखी, स्लिप डिस्क, गरोदरपण असेल तर नको. वॉलरस हवेत तर बोरेबुक्ताची फेरी मागा. ३५० वर्षांच्या शिकारीनंतर ते जवळजवळ नाहीसे झाले होते. १९५२ पासून संरक्षण आहे. किनाऱ्यावर एकमेकांवर रेलून पडलेले असतात आणि वाऱ्याची दिशा त्यांच्याकडून असेल तर आधी वास येतो. फ्योर्डच्या तोंडाशी समुद्र खवळतो, उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही.

बियाणांची तिजोरी बाहेरूनच बघायची असते. पत्रकातलं 'भेट' हे अतिशयोक्त आहे. २६ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालेल्या या तिजोरीत डोंगराच्या पोटात उणे १८ अंशांवर जगभरच्या बियाणांचे राखीव नमुने आहेत. दारावरचं चकाकणारं शिल्प बघून लोक परत फिरतात. आत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूगही आहेत, हे टूर मॅनेजरने सांगितलं तर त्या पाच मिनिटांना अर्थ येईल. 'हिमाद्री' या भारतीय संशोधन केंद्राचंही तेच. ते लाँगयिअरब्येनमध्ये नाही. शंभरावर किलोमीटर वायव्येला न्यू-ओलेसुन्दला आहे, १ जुलै २००८ पासून. तिथे जायचं तर वेगळी बोट, आख्खा दिवस, फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद, आणि केंद्र बाहेरूनच.

जेवणाबद्दल थोडक्यात. हॉटेलचा नाश्ता भरपूर, शाकाहारी जेवण मिळतं पण तेच ते आणि महाग. गावात भाजीपाला बाहेरून येतो. थेपले, चिवडा, उपमा-पोह्यांची पाकिटं, मेतकूट न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत युरोपबाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. रोख रकमेची गरज पडत नाही.

कपडे: आत लोकरीचा पातळ थर, मधे फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचं चांगलं जाकीट आणि बूट चालतात. चालत नाही ती सुती बनियन. घामाने ओली होते आणि वाळत नाही. कंपनी भाड्याने देते तो जाडजूड फुगीर कोट जुलैत निरर्थक आहे. डोळ्यांवर बांधायची पट्टी मात्र विसरू नका, रात्री दोनला ऊन खोलीत येतं. ड्रोन घरी ठेवा, विमानतळाच्या ५ किलोमीटरच्या परिघात बंदी आहे आणि बहुतेक गाव त्या परिघात येतं.

पैसे भरण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या: व्हिसा दोन प्रवेशांचा मागणार का, बोटीचा प्रकार आणि हवामानाने फेरी रद्द झाली तर परतावा किती, वाटाड्याचा खर्च किमतीत आहे का, आणि लाँगयिअरब्येनमधल्या तीन रात्रींपैकी एक दिवस पूर्ण मोकळा देणार का. चौथ्या मुद्द्यावर बहुतेक कंपन्या खळखळ करतात, कारण मोकळ्या दिवसाचं कमिशन नसतं. तिथेच अडून बसा. ओस्लोतली एक रात्र कमी करून इथे चौथी जोडून मिळाली तर उत्तमच.

आणि सुट्टी दिवाळीशिवाय मिळतच नसेल, तर स्वालबार्डचा हट्ट सोडून याच कंपनीकडून फक्त ट्रॉम्सोच्या पाच रात्री मागा. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर तिथे दुपारी काही तास उजेड असतो, सूर्य पूर्ण गडप होतो तो २७ नोव्हेंबरच्या सुमारास. रात्री प्रकाशाचे पट्टे बघायला अंधार पुरेसा असतो, ढग नसले तर. हेरिंग माशांमागे ओर्का आणि कुबडे देवमासे उत्तरेच्या फ्योर्डमध्ये येतात. पूर्वी ते क्वालोयाजवळ, ट्रॉम्सोच्या दारात यायचे, गेल्या काही वर्षांत ते श्येरवोयकडे सरकलेत. ट्रॉम्सोहून बोटीने जायला तीन-चार तास आणि यायला तेवढेच, म्हणून श्येरवोयलाच एक रात्र मुक्काम करून तिथूनच बोट घेतलेली बरी.